नाव पुण्याचे, सातबारा कंपनीचा

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीच्या त्यागराज क्रीडागारात प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला आणि दबंग दिल्लीने पुणेरी पलटणीला ३१-२८ असे हरवले. साखळी सामन्यांत पहिल्या क्रमांकावर राहिलेला संघ अखेरीस तीन गुणांनी हरला, याची हळहळ पुण्यातल्या कबड्डीप्रेमींना वाटली असल्यास ते स्वाभाविकच आहे. कोणाची पकड सुटली, कोणती चढाई फसली, यावर चर्चाही भरपूर झाली. पण या हंगामातली सर्वांत लक्षणीय गोष्ट मैदानावर घडलीच नव्हती. २९ ऑगस्टला विशाखापट्टणम येथे सुरू झालेला हा हंगाम जयपूर व चेन्नईवरून फिरत दिल्लीला गेला आणि तेथेच संपला. पुण्याच्या नावाचा संघ दोन महिने खेळला. पुण्यात मात्र तो एक दिवसही खेळला नाही. मुंबईच्या नावाने उभ्या असलेल्या यू मुंबाचीही तीच गत. हुतुतूचे माहेर म्हणून मिरवणाऱ्या महाराष्ट्राच्या वाट्याला या हंगामातला एकही सामना आला नाही.

यावर तक्रार केली की दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले असे की, ही प्रादेशिक भावनाविवशता आहे. सामना कोठेही झाला तरी तो घरबसल्या दिसतो. दुसरे असे की, कबड्डीला या लीगने पैसा व प्रतिष्ठा दिली, तेव्हा दात मोजत बसू नये. दोन्ही उत्तरे तपासून पाहण्याजोगी आहेत, कारण दोन्ही ठिकाणी भावनेच्या पडद्याआड मालमत्तेचा प्रश्न झाकला जातो.

आधी इतिहास थोडक्यात. २०१४ साली ही लीग आठ संघांनिशी सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघाच्या शहरात काही दिवस सामने होत. पुण्याचे सामने बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाले. २०२१-२२ चा हंगाम साथीमुळे संपूर्णपणे बंगळुरूत खेळवावा लागला. त्याला कोणाचाच आक्षेप असण्याचे कारण नव्हते. पण साथ ओसरली तरी साथीत लागलेली सवय सुटली नाही. २०२२ साली सामने बंगळुरू, पुणे व हैदराबाद या तीन शहरांत आटोपले आणि अंतिम सामना मुंबईला झाला. दहाव्या हंगामात, म्हणजे २०२३-२४ मध्ये, बारा संघांच्या बारा शहरांत पुन्हा फेरी निघाली आणि योगायोग असा की, त्याच हंगामात पुणेरी पलटण पहिल्यांदा विजेती ठरली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला तिने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवले. त्यानंतर मात्र पुन्हा आखडता हात. २०२४ साली हैदराबाद, नोएडा व पुणे अशी तीनच शहरे, आणि २०२५ साली चार, त्यांत पुणे नाही. बारा संघ आणि चार शहरे, म्हणजे बहुसंख्य संघांना घर नाही. पलटण या शब्दाला छावणीचा वास आहे. या पलटणीची छावणी कोठे, हे तिच्या मालकालाही हंगामाचे वेळापत्रक पाहूनच कळत असावे.

खर्च वाचतो, हे या काटछाटीचे समर्थन असते. तंबू एकाच जागी ठोकून ठेवला की मॅट, दिवे, कॅमेरे, प्रवास, निवास या सर्वांत बचत होते, हे कोणालाही कळते. प्रश्न इतकाच की बचत कोणाच्या खिशात राहते आणि तिची किंमत कोण मोजते. दूरचित्रवाणीवर सामना विकणाऱ्याच्या दृष्टीने क्रीडागारातला प्रेक्षक हा नेपथ्याचा भाग आहे. खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात आणि गलका ऐकू यावा, एवढेच त्याचे काम. तो पुण्याचा असो वा जयपूरचा. पेठेतल्या तालमीत किंवा भोसरीच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलाने अव्वल चढाईपटूचा पाय कसा पडतो हे दहा हातांवरून पाहावे, ही गोष्ट त्या जमाखर्चात कोठेच बसत नाही. कबड्डी डोळ्यांनी शिकण्याचा खेळ आहे. पडद्यावर कॅमेरा चढाई करणाऱ्याच्या मागे धावतो. कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांची साखळी कशी आवळत गेली, हे मैदानाच्या काठावर बसलेल्यालाच दिसते.

आता मालमत्तेकडे वळू. या व्यवहारात 'फ्रँचायझी' हा शब्द वापरतात. जुन्या मराठीत त्याला मक्ता म्हणत. जकातीचा मक्ता असे, ताडीचा असे. तसा हा शहराच्या नावाचा मक्ता आहे. फरक इतकाच की जकातीच्या मक्त्याची रक्कम सरकारात भरली जाई, आणि शहराच्या नावाच्या मक्त्याची रक्कम शहराला नव्हे तर लीग चालवणाऱ्या कंपनीला मिळते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रकार ओळखीचा आहे. एखाद्या जागेजवळून रस्ता गेला, वस्ती वाढली, की जमीनमालकाने बोटही न हलवता त्याच्या जमिनीचे मोल चढते. ती वाढ समाजाने निर्माण केलेली असते आणि खिशात मात्र मालकाच्या पडते. तिला अनर्जित वाढ म्हणतात. 'पुणेरी' या विशेषणाचे मोल असेच आहे. ते कोणा कंपनीच्या जाहिरात खात्याने घडवलेले नाही. या खेळाला लेखी नियमांत बसवण्याचे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातल्या शारीरिक शिक्षणाच्या संस्थांनी केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनमध्ये त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी संघटनेच्या कामात आयुष्य वेचले. ती साठलेली पुण्याई आज 'पुणेरी' या तीन अक्षरांत वापरली जाते, आणि तिचा खंड कोणीही भरत नाही.

दुसरे उत्तर पैशाचे. ते उडवून लावण्यात अर्थ नाही. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार होता. त्याची बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२५ च्या लिलावात दहा खेळाडूंची बोली एक कोटीच्या वर गेली. इराणचा मोहम्मदरझा शादलुई २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला. हा पैसा खोटा नाही, आणि शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरातला एखादा मुलगा त्यामुळे पक्के घर बांधू शकला असेल तर समाजवाद्याने तोंड वाकडे करण्याचे काही कारण नाही. पण बोली म्हणजे वेतन नव्हे. हाच शादलुई दहाव्या हंगामात पुण्याकडून विजेता झाला, अकराव्यात हरियाणाकडून, आणि बाराव्यात तिसऱ्याच संघात गेला. तीन हंगामांत तीन शहरांनी त्याला आपला म्हणायचे. खेळाडू कोठे खेळणार हे त्याने ठरवायचे नाही, आणि त्याच्या शहराने तर नाहीच नाही.

वरच्या दहा नावांखाली काय आहे, तेही पाहावे. २०२५ च्या लिलावात सर्वांत खालच्या श्रेणीची मूळ किंमत ९ लाख होती. आणि प्रत्येक संघाला खेळाडू घेण्यासाठी पाच कोटींची मर्यादा. बारा संघांचे मिळून ६० कोटी. आता दुसरा आकडा. २०२१ साली पाच हंगामांचे प्रक्षेपण-हक्क स्टार इंडियाने सुमारे ९०८ कोटींना घेतले, म्हणजे हंगामामागे साधारण १८० कोटी. लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्‌स या कंपनीचा ७४ टक्के हिस्सा २०१५ पासून त्याच स्टारकडे होता. माल विकणारा आणि माल घेणारा एकाच वाड्यात राहत असताना बाजारभाव किती खरा, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. तरी तो आकडा खरा धरला, तरी केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाच्या तुलनेत खेळाडूंवरच्या खर्चाची कमाल मर्यादा एक तृतीयांश भरते. प्रायोजकांचा पैसा आणि तिकिटे निराळीच. गिरणीत मजुरीला तळ असावा म्हणून कामगार झगडले. येथे वेतनाला छत आहे, आणि ते मालकांनी आपसांत बसून घातलेले आहे.

याहून महत्त्वाची बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हंगाम दोन महिन्यांचा. वर्ष बारा महिन्यांचे. उरलेले दहा महिने खेळाडू काय खातो? यांतले अनेक खेळाडू रेल्वेत, सैन्यदलांत, पोलिसांत, बँकांत वा तेल कंपन्यांत नोकरीला आहेत. त्यांचा महिन्याचा पगार, सरावाची रजा, दुखापतीत दवाखाना, म्हातारपणाचा भविष्यनिर्वाह निधी, हे सगळे सार्वजनिक पैशातून चालते. म्हणजे खेळाडू वर्षभर पोसायचा सार्वजनिक क्षेत्राने आणि त्याचा पिकलेला हंगाम कापून न्यायचा खासगी कंपनीने. अनुदानाला नाके मुरडणाऱ्यांचा धंदा या न दिसणाऱ्या अनुदानावर उभा आहे. आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या कायम नोकऱ्या आक्रसत जात असताना हे कोठार किती दिवस पुरणार, याची चिंता वाहणारा त्या वाड्यात कोणी दिसत नाही.

खेळाडूच्या बुडालेल्या रोजाचा हा प्रश्न नवा नाही, आणि त्याच्या निमित्ताने एक अख्खा खेळ जन्माला आलेला आहे. तो खेळ म्हणजे रग्बी लीग. जून २०२५ मध्ये मुंबईच्या अंधेरी क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीग नावाची स्पर्धा झाली, ती मात्र निराळी. ती सातजणांच्या रग्बीची होती. तिचाही मासला प्रो कबड्डीसारखाच. मुंबई, दिल्ली, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद व कलिंग अशी सहा नावे आणि सर्व सामने एकाच मैदानावर. पंधरवड्यात हंगाम खलास. अंतिम सामन्यात चेन्नईने दिल्लीला ४१-० असे धुतले, ते मुंबईत. ज्या उद्योगसमूहाचे नाव या स्पर्धेला होते, त्याच जीएमआरच्या मालकीचा एक संघ प्रो कबड्डीतही आहे. भारतीय खेळाडूंत सर्वांत मोठी बोली पावणेपाच लाखांची होती. तेथेही उरलेल्या साडेअकरा महिन्यांचा हिशेब कोणी मांडला नाही.

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर व लँकेशायर या परगण्यांत तो हिशेब १८९३ सालीच मांडला गेला होता. तेथे रग्बी खेळणारे बहुतेक खाणकामगार व गिरणीकामगार. शनिवारी अर्धा दिवस काम, आणि दूरच्या गावी सामना असला की रोज बुडे. म्हणून उत्तरेच्या क्लबांनी लंडनमध्ये संघटनेच्या सभेत साधी मागणी ठेवली: खेळण्यासाठी ज्याचा रोज बुडाला त्याला तेवढीच भरपाई द्यावी. सभेतले बहुमत सुखवस्तू घरांतल्या, महागड्या शाळांत शिकलेल्या गृहस्थांचे. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. निर्मळ हौशी वृत्ती भ्रष्ट होईल, ही त्यांची भीती. ज्याच्या घरी बसून खाण्याची सोय आहे, त्याच्या हौसेला निर्मळ राहायला खर्च येत नाही. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले, मूळ संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी 'नॉर्दर्न युनियन' स्थापन केली. बुडालेल्या रोजाची भरपाई दिवसाला सहा शिलिंग ठरली. तीच संघटना पुढे १९२२ पासून रग्बी फुटबॉल लीग म्हणून ओळखली जाऊ लागली.

तिचा पहिला हंगाम, १८९५-९६ चा, समाजवादी वाचकाने ध्यानात ठेवावा असा आहे. बेचाळीस सामन्यांच्या त्या हंगामात अवघ्या एका गुणाने हॅलिफॅक्सला मागे टाकून विजेता ठरला ब्रॅडफर्डमधला मॅनिंगहॅम क्लब. मॅनिंगहॅमच्या रेशमाच्या गिरणीत डिसेंबर १८९० मध्ये मजुरीकपातीविरुद्ध मोठा संप झाला होता. चार महिने झुंजून कामगार हरले. पण त्या पराभवाने जे भान आले त्यातून जानेवारी १८९३ मध्ये त्याच ब्रॅडफर्ड शहरात स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली. ज्या वस्तीने पक्ष उभा करायला हात लावला, त्याच वस्तीच्या क्लबाने रोज बुडाल्याची भरपाई मान्य करणारी पहिली स्पर्धा जिंकली. कथा येथेच थांबवली तर ती गोड वाटेल. पण पुढे पैशाची ओढाताण झाली आणि १९०३ साली या क्लबाने रग्बी सोडून फुटबॉल धरला. क्लब कामगारांचा असला म्हणून जमाखर्च माफ होत नाही. मात्र तो निर्णय ब्रॅडफर्डमध्ये, क्लबाच्या लोकांनी, भांडून घेतला. पुण्याला सामने द्यायचे की नाही, हा निर्णय घेताना पुण्यात कोणाला विचारले गेले?

महाराष्ट्रानेही या प्रश्नाचे एक उत्तर शोधले होते, आणि ते हडर्सफील्डच्या सहा शिलिंगांहून मोठे होते. मुंबईच्या गिरणगावात कबड्डी चाळींच्या पटांगणात वाढली. गिरण्या, रेल्वे, कारखाने, पुढे बँका यांनी संघ बांधले आणि खेळाडूला नोकरी दिली. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ आजही कामगारांसाठी कबड्डीच्या स्पर्धा घेते. नोकरीवरचा खेळाडू खेळायला गेला की त्याचा खाडा धरला जात नसे. ही बुडालेल्या रोजाची भरपाईच होती, तीही वर्षभराची. १९८२ चा संप चिरडला गेला, गिरण्यांच्या जागी मनोरे उठले, आणि त्या जगाचा कणा मोडला. त्या व्यवस्थेत वशिला होता, साहेबाची मर्जी होती, प्रशिक्षणाची आबाळ होती. हे सगळे मान्य. तरी तिने खेळाडूला साठाव्या वर्षापर्यंत माणूस मानले. लीग त्याला गुडघा शाबूत असेपर्यंत मानते.

शहर आणि कंपनी यांच्या झगड्यात शहराने नेहमी हरलेच पाहिजे, असेही नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या रेडफर्न या कामकरी वस्तीचा साउथ सिडनी हा रग्बी लीगमधला १९०८ पासूनचा क्लब. १९९९ च्या हंगामानंतर, संघ चौदांवर आणायचे म्हणून, मर्डॉक यांच्या वृत्तपत्र कंपनीची भागीदारी असलेल्या लीगने त्याला काढून टाकले. विक्रमी विजेतेपदे नावावर असलेला क्लब ताळेबंदात बसत नव्हता. नोव्हेंबर २००० मध्ये सुमारे ऐंशी हजार लोक सिडनीच्या रस्त्यांवर उतरले. जुलै २००१ मध्ये संघराज्य न्यायालयाच्या पूर्ण पीठाने क्लबाच्या बाजूने निकाल दिला आणि २००२ च्या हंगामात साउथ सिडनी परतला. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मुद्दा कंपनीच्या बाजूने फिरवला. पण तोवर क्लब मैदानावर होता आणि त्याला पुन्हा हाकलण्याची छाती कोणाला झाली नाही. पुढे २००६ मध्ये सभासदांनी मतदान करून पाऊण हिस्सा एका सिनेनटाला व त्याच्या भागीदाराला विकला, हेही सांगितले पाहिजे. पण विकला तो सभासदांनी. पाव हिस्सा त्यांच्याकडेच राहिला.

पुणेरी पलटणीला सभासदच नाहीत. गिऱ्हाईक आहेत, सदरे विकत घेणारे आहेत, पडद्यापुढे बसणारे आहेत. उद्या मालकाने संघ विकला, नाव बदलले, दुसऱ्या राज्यात नेला, तर पुण्याच्या नागरिकाला हरकतीचा अर्ज करायलाही जागा नाही. साउथ सिडनीचा माणूस न्यायालयात उभा राहू शकला, कारण तेथे क्लब नावाची एक संस्था होती. येथे जे आहे ते बोधचिन्ह.

जाता जाता आणखी एक. या लीगने २०१६ साली महिलांसाठी तीन संघांचा एक छोटा हंगाम भरवला. तो पुन्हा झाला नाही. भारताच्या मुलींनी नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला विश्वचषक जिंकला, तो या लीगचे काहीही देणे न लागता.

मग पुण्याच्या हाती आहे तरी काय? बालेवाडी आहे. ते संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी सरकारी पैशाने उभे राहिले. प्रो कबड्डीचा २९ डिसेंबर २०२४ चा अंतिम सामनाही तेथेच झाला. या राज्यात लीगला दुसरे बालेवाडी सहजी मिळणार नाही. तेव्हा संकुल भाड्याने देताना केवळ दिवसाचे भाडे ठरवून मोकळे होण्यात शहाणपणा नाही. जो संघ पुण्याचे वा महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाचे नाव लावील, त्याने दर हंगामात आपले ठरावीक सामने त्या गावी खेळलेच पाहिजेत. एरवी नावही नाही आणि संकुलही नाही, अशी अट घालता येते. संघाचा काही हिस्सा शहरातल्या नोंदणीकृत कबड्डी मंडळांना व सभासद होऊ इच्छिणाऱ्या नागरिकांना खुला ठेवा, असे म्हणता येते. निदान विक्री वा नामांतर यावर त्यांचा कौल बंधनकारक असावा. आणि ज्यांना अन्यत्र कायम नोकरी नाही अशा खेळाडूंशी करार दोन महिन्यांचा न करता वर्षाचा करावा, त्यात भविष्यनिर्वाह निधी व दुखापतीची भरपाई असावी. रेल्वे, पोलीस व बँका यांनी आपले खेळाडू हंगामासाठी मोकळे करताना लीगकडून त्यांच्या संगोपनाचा खर्च वसूल करून तो तरुण खेळाडूंच्या भरतीवर लावावा. यांतली एकही गोष्ट क्रांतिकारक नाही. मंगल कार्यालयाचा चालकही याहून कडक अटी घालतो.

कंपनी निघून जाईल, ही धमकी यावर येणारच. २०२५ मध्ये ती कोणतीही अट नसताना निघून गेली होती.

२०२१ ते २०२५ हा पाच हंगामांचा प्रक्षेपण-करार बाराव्या हंगामाबरोबर संपला आहे. पुढची आकडेमोड त्या वाड्यात होईलच. सामने पुण्यात ठेवायचे ठरले तर संकुलाच्या मागणीचा अर्ज बालेवाडीलाच करावा लागेल. राज्याचे क्रीडा आयुक्तालयही त्याच आवारात आहे. त्या अर्जावर भाड्याच्या रकमेखाली आणखी दोन ओळी लिहिण्याइतकी जागा नक्कीच असते.